पांढरी आणि तांबडी

नाशिकच्या एका वाचकभगिनींचे पत्र आमच्यापुढे आहे. त्यांची कन्या सूक्ष्मजीवशास्त्रात एम्. एस्सी. झाली असून तिला एक स्थळ सांगून आले आहे. मुलगा तिच्याच विषयातला, घराणे परिचयाचे, पत्रिका जुळते आणि देण्याघेण्याचे नावही कोणी काढलेले नाही. अडचण एकच आहे. मुलगा गंगापूर रोडच्या बाजूला असलेल्या एका वाईनच्या कारखान्यात नोकरीला आहे. “जावई काय करतात असे चारचौघींत कोणी विचारले, तर दारू गाळतात असे सांगावयाचे काय?” असा त्यांचा प्रश्न आहे. घरातील वडीलधाऱ्यांना हे स्थळ मुळीच मानवत नाही, आणि मुलीचे म्हणणे असे की, आईने एकदा तेथे जाऊन आपल्या डोळ्यांनी पाहावे व मग बोलावे.

स्थळांविषयीची पत्रे या सदराकडे पुष्कळ येतात आणि बहुतेकांना घरबसल्या उत्तर देता येते. हा प्रश्न मात्र ऐकीव माहितीवर निकालात काढण्याजोगा नाही असे वाटल्यावरून आम्ही मुलीचाच सल्ला मानला आणि गंगापूर रोडला जाऊन आलो. बरोबर आमचे एक स्नेही होते. ते रसायनशास्त्राचे निवृत्त अध्यापक असून आयुष्यात मद्याच्या थेंबालाही शिवलेले नाहीत. ‘मी हुंगेन, तुम्ही चाखा’ असा करार करूनच ते निघाले.

अशोक स्तंभापासून निघालेला हा रस्ता नाशिककरांना सांगावयास नकोच. महाविद्यालये, मंगल कार्यालये आणि नव्या इमारती मागे टाकीत तो आनंदवल्लीवरून, म्हणजे राघोबादादांच्या वास्तव्याने इतिहासात आलेल्या गावावरून, सोमेश्वराकडे जातो. तेथून पुढे गोवर्धन, गंगापूर, धरणाचे पाणी आणि त्याच्या काठाने सावरगावकडे जाणारी वाट. क्षेत्राला येणारा यात्रेकरू पूर्वी सोमेश्वराचे दर्शन घेऊन मागे फिरत असे. हल्ली रविवारी निम्म्याहून अधिक गाड्या देवळाशी न थांबता पुढेच जातात. त्या कोठे जातात हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु घरात त्याविषयी बोलणे होत नाही. पत्रलेखिका भगिनींची खरी अडचण या न बोलण्यात आहे, असे आम्हांस पत्र वाचतानाच वाटले होते.

या भागात वाईनचा आरंभ फार जुना नव्हे. महाराष्ट्रात त्याआधी, १९८० नंतरच्या दशकात, नारायणगावी फेसाळणारी वाईन होऊ लागली होती. गंगापूरच्या बाजूला मात्र १९९७ साली राजीव सामंत या अमेरिकेत शिकून परतलेल्या तरुणाने आपल्या कुटुंबाच्या जमिनीत परदेशी जातीच्या वेली लावल्या आणि २००० साली पहिल्या बाटल्या बाजारात आणल्या. आईच्या सुलभा या नावावरून त्यांनी कारखान्याचे नाव ‘सुला’ ठेवले. पुढल्या वर्षी, २००१ साली, राज्य सरकारने द्राक्षप्रक्रियेचे धोरण जाहीर केले, विंचूर व पलूस येथे त्यासाठी उद्यानांची योजना झाली, आणि पाहता पाहता जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली.

आम्ही गेलो ते सुलाच्याही पुढे, गंगावऱ्हे शिवारातील ‘यॉर्क’ या ठिकाणी. नाव ऐकून हे एखाद्या इंग्रज साहेबाचे घर असावे असा समज होतो. वस्तुतः गुरनानी कुटुंबातील योगिता, रवी व कैलाश या तीन भावंडांच्या नावांची रोमन आद्याक्षरे जोडून ते झाले आहे. बापाने मुलांच्या नावे दुकान काढावे, तसेच हे. कैलाश ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथे ही विद्या शिकून आले व वाईन करण्याचे काम त्यांनी हाती घेतले. रवी यांनी व्यवहार सांभाळला. २००६च्या सुमारास सुरू झालेला हा कारखाना पंधरा वर्षे एका घराचा म्हणून चालला. समोर धरणाचे पाणी, त्यापलीकडे डोंगर, आणि अलीकडे चव घेण्यासाठी केलेली मोकळी जागा. तेथे बाकांवर बसलेल्यांत तरुण जोडपी होती, तशीच आपल्या मुलांनी आग्रहाने आणलेली पांढऱ्या केसांची माणसेही होती. नेसूचा पदर सावरीत पेल्यात डोकावून पाहणाऱ्या एक आजीबाई आम्हांस दिसल्या. त्यांनी ओठ लावला की नाही ते सांगता येत नाही.

प्रथम पत्रातील एका क्रियापदाची दुरुस्ती केली पाहिजे. वाईन गाळीत नाहीत. गाळणे म्हणजे आंबवलेले द्रव तापवून त्याची वाफ थंड करून घेणे. त्याने ब्रँडी, व्हिस्की व गावठी दारू होते. वाईन केवळ आंबते. द्राक्षातील साखर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव खातात आणि तिचा मद्यार्क व कर्बवायू करतात. लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम साखर आंबली म्हणजे शंभरात एक भाग मद्यार्क होतो. खाण्याच्या द्राक्षाला शंभर भागांत सतरा-अठरा भाग साखर पुरते. वाईनच्या द्राक्षाला बावीस ते चोवीस लागते. म्हणूनच तयार वाईनमध्ये बारा ते चौदा टक्के मद्यार्क येतो. आपल्या फडताळात जी द्राक्षासवाची बाटली असते तिचीही रीत मुळात हीच. तेथे आंबवण्याच्या कामी धायटीची फुले घालतात, आणि मद्यार्क साधारण पाच ते दहा टक्क्यांपर्यंत आपोआप उत्पन्न होतो. ज्या घरात बाळंतिणीला द्राक्षासव दिले जात होते त्या घराला ही क्रिया परकी नव्हे. मात्र दोन चमचे आसव समभाग पाण्यातून घेणे आणि पेलाभर वाईन पिणे यांना एकाच मापाने मोजू नये, हेही लगेच सांगून ठेवतो.

द्राक्षेही निराळी. आपण निफाडची, पिंपळगावची म्हणून पेटीतून आणतो ती थॉमसन जातीची, बिनबियांची, मोठ्या मण्यांची. मणी फुगावा म्हणून घड संजीवकाच्या पाण्यात बुडवून काढतात. वाईनच्या जातीचा मणी करवंदाएवढा, जाड सालीचा, बियांचा. आम्ही एक तोंडात टाकला, तो गोड तर होताच, पण साल चावताच जीभ आखडली. आमचे स्नेही म्हणाले, ‘येथेच सारे आले. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल पुष्कळ. आणि रंग, वास, तुरटपणा सालीत असतो.’

वेलीची निगा राखण्याची येथील रीत युरोपातल्या माणसाला चमत्कारिक वाटेल. तिकडे हिवाळ्यात वेल झोपी जाते, वसंतात जागी होते आणि शरदात फळ देते. आपल्याकडे ती झोपतच नाही. तेव्हा शेतकरी तिला वर्षातून दोनदा छाटतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी करून पावसाळाभर काडी तयार होऊ द्यावयाची, आणि पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी करून त्या काडीवर फळ घ्यावयाचे. घड उतरतात ते जानेवारी ते मार्चमध्ये. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. थंडीतल्या रात्री येथे पारा चांगलाच उतरतो. दिवसाच्या उन्हाने साखर चढते आणि रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. मार्च उजाडला की हा गारवा जातो, आणि आंबटपणाही झपाट्याने उतरतो. म्हणून तोडणीचा दिवस ठरविणे ही येथील मोठी कसोटी. पत्रात ज्या तरुणाचा उल्लेख आहे त्याच्यासारख्यांचे काम येथून सुरू होते: रोज मणी आणून साखर व आम्ल मोजावयाचे, आंबण्याची उष्णता राखावयाची, आणि टाक्या धुवावयाच्या. धुण्याचे काम इतके की, पाहणाऱ्यास हा कारखाना मद्याचा आहे की भांडी घासण्याचा, असा प्रश्न पडावा. नको असलेला जंतू शिरला तर साऱ्या टाकीचा शिरका होतो.

आता चव. पुढे पेले मांडून नोकर तरुणाने आधी पांढरी ओतली. पांढरी आधी व तांबडी नंतर, हलकी आधी व भारी नंतर, हा क्रम आपल्या पंगतीतील वरण-भात आधी आणि मठ्ठा शेवटी या क्रमासारखाच सकारण आहे. तांबडीने एकदा जीभ तुरट झाली की पांढरीतले बारकावे कळत नाहीत. पांढरी आठ ते बारा अंशांवर गार असावी, तांबडी सोळा ते अठरावर. आपल्याकडच्या मे महिन्यात ‘घरातल्या उष्णतेवर’ तांबडी प्यावी हा युरोपातील सल्ला पाळणे म्हणजे काढा पिणे होय. तीही अर्धा तास शीतकपाटात ठेवली पाहिजे.

पहिली सोविन्यों ब्लां. पेला दांडीला धरून फिरविला, नाकाशी नेला. आमच्या स्नेह्यांनी डोळे मिटून सांगितले, ‘ढोबळी मिरची चिरल्याचा वास, आणि गवती चहा.’ मग त्यांच्यातला अध्यापक जागा झाला. ढोबळ्या मिरचीला जो पायराझिन वर्गातील पदार्थ तो वास देतो, तोच या द्राक्षातही असतो, असे त्यांनी त्या तरुणासच समजावून सांगितले. आम्ही घोट घेतला. कैरीच्या पन्ह्यात गूळ कमी पडला तर जिभेच्या कडांना जे होते ते झाले. पाठोपाठ पेरूचा, अगदी देठाजवळच्या हिरव्या पेरूचा, वास घशातून नाकात चढला. स्वच्छ, टवटवीत, क्षणात आटोपणारी अशी ही चव. आम्हांस ती आवडली हे सांगावयास आम्ही संकोचत नाही.

दुसरी शेनां ब्लां. हिच्यात मिरची-गवत काही नाही. पिकलेला पेरू, थोडे अननस, आणि शेवटी मधाची आठवण. थोडी गोडी राहू दिलेली असते. प्रथमच चाखणाऱ्यांस हीच रुचते आणि म्हणून हीच अधिक खपते, असे कोणीही सांगेल. आम्हांस तिचा गोडवा एका घोटापुरता बरा वाटला. दुसऱ्या घोटास तो पुढे येऊन बसला आणि बाकीच्यांना बोलू देईना.

पांढरी कशाने पांढरी आणि तांबडी कशाने तांबडी, हे पुष्कळांना ठाऊक नसते. काळ्या द्राक्षाचाही गर बहुधा पाण्यासारखाच असतो, रंग सालीत. पांढरीसाठी रस पिळून साल टाकून देतात आणि नुसता रस थंड टाकीत, बारा ते सोळा अंशांवर, सावकाश आंबवितात. तांबडीसाठी साल-बियांसकट आंबवितात, तेही अधिक उष्णतेवर, आणि वर तरंगून आलेली साल पुनःपुन्हा रसात बुडवितात. रंगाबरोबर तुरटपणाही उतरतो. मग ओकच्या लाकडी पिंपांत मुरवितात, तेव्हा त्यात लवंग, व्हॅनिला, भाजलेल्या लाकडाचा धूर असे परके वास शिरतात.

या घरची नावाजलेली तांबडी ‘आरोस’ नावाची. शिराझ व काबर्ने सोविन्यों या दोन जातींचे ते मिश्रण आहे. रंग असा की पेल्यापलीकडील बोट दिसू नये. कडेला जांभळी झाक. आमचे स्नेही येथे मात्र थबकले. मग म्हणाले, ‘जांभूळ. आणि रस्समच्या पातेल्यावरचे झाकण काढल्यावर येतो तो मिऱ्यांचा वास.’ शिराझमध्ये मिऱ्यांचा वास येतो हे वाईनवाले पूर्वीपासून म्हणत आले. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ साली दाखवून दिले की, ही नुसती कविकल्पना नव्हे. रोटंडोन नावाचा जो पदार्थ काळ्या मिऱ्यांत असतो तोच त्यात सापडला. गंमत अशी की, सुमारे पाचांपैकी एका माणसाला हा वास मुळी येतच नाही. तेव्हा नवरा-बायकोंनी यावरून वाद घालू नये.

घोट घेतल्यावर प्रथम जांभूळ, लगेच हिरड्यांवर, गालफडांत कोरडेपणा. आवळा चावल्यावर, कच्ची सुपारी तोंडात धरल्यावर जसे होते तसे. हा तुरटपणा ही चव कमी आणि स्पर्श अधिक. लाळेतील प्रथिनांना तो धरून बसतो व तोंडातले वंगण जाते. आमचा अभिप्राय विचाराल तर तांबडी भारदस्त आहे, तीत मेहनत दिसते, परंतु लाकडाचा वास फळाच्या पुढे चालतो. नव्या सुनेवर इतके दागिने घालावेत की तिचा चेहराच दिसू नये, असा काहीसा प्रकार. उष्ण प्रदेशात पांढरी लवकर तोडून, थंड ठेवून जपता येते. तांबडीस साल पूर्ण पिकेपर्यंत वेलीवर ठेवावे तर साखर वर जाते आणि आंबटपणा खाली येतो. म्हणून एकाच घरच्या हातून पांढरी अधिक साधावी याचे आम्हांस नवल वाटले नाही. निराळ्या जिभेच्या माणसाचा कौल निराळा पडेल, आणि तो त्याने अवश्य द्यावा.

कौल द्यावयाचा तर शब्द हवेत, आणि येथेच आमच्या मंडळींचे घोडे पेंड खाते. नोकर तरुण पाठ केल्याप्रमाणे सांगत होता: गूजबेरी, ब्लॅककरंट, प्लम. समोरची मंडळी माना डोलावीत होती. त्यांपैकी कितीजणांनी गूजबेरी खाल्ली असेल? कोशात पाहावे तर गूजबेरी म्हणजे आवळा असे लिहिलेले असते. मग बिचारा माणूस पेल्यात आवळा शोधीत बसतो, आणि तो सापडला नाही म्हणजे आपल्यालाच यातले काही कळत नाही असे ठरवून गप्प होतो. वास्तविक ज्या घरात आमसुलाचे सार, कोकमाचे आगळ व चिंचेचा कोळ यांतला आंबटपणा डोळे मिटून ओळखला जातो, सुपारी कच्ची की भाजकी हे दाढेखाली कळते, आणि आयुर्वेदाचे सहा रस मुंजीच्या वयात पाठ असतात, त्या घरच्या जिभेला कोणाची शिकवणी नको. मधुर, अम्ल आणि कषाय हे तीन तर पेल्यात उघडच होते. तांबडीच्या शेवटी किंचित तिक्तही आला. आम्ही कैरी, पेरू, जांभूळ, मिरे असे शब्द वापरू लागलो तेव्हा शेजारच्या बाकावरील आजीबाईंनीही मान वळवून विचारले, ‘आणि रातांबा नाही का वाटत?’ पुन्हा हुंगले. होता.

नावाच्या बाबतीतही आपण परके नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाची कर्तव्ये सांगताना द्राक्षरसाच्या मद्याला ‘मधु’ म्हटले आहे आणि त्याचे कापिशायन व हारहूरक असे प्रकार प्रदेशावरून सांगितले आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेकडील प्रदेश. मद्य कोठले यावरून त्याला नाव द्यावयाचे, ही कल्पना फ्रेंचांकडूनच आली असे समजण्याचे कारण नाही. ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाला आज भौगोलिक निर्देशांकाचे कायदेशीर संरक्षण आहे, ते याच जातीचे.

चाखणे आणि पिणे यांतील अंतर आमच्या लक्षात आले ते एका भांड्यामुळे. बाकाच्या टोकाला एक तस्त ठेवलेले होते. जुन्या वाड्यात पानाच्या तबकाशेजारी असे तेच. घोट तोंडात फिरवून त्यात टाकावयाचा. धंद्यातील माणसे दिवसाला पाच-पन्नास नमुने चाखतात ती अशाच रीतीने. गिळीत गेले तर दुपारपर्यंतही काम होणार नाही. आम्ही त्याचा उपयोग केला. आमच्याखेरीज दिवसभरात कोणी केला असेल असे मात्र तस्ताकडे पाहून वाटले नाही. सहलीला आलेली मंडळी चाखावयास येतात आणि पिऊन जातात, हे स्पष्टच सांगितले पाहिजे.

आणि आणखी एक गोष्ट तितकीच स्पष्ट. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत वाईन विकण्यास परवानगी देण्याचे ठरविले, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू नव्हे’ असे काही पुढाऱ्यांनी सांगितले. विरोधामुळे तो निर्णय बाजूला राहिला, परंतु वाक्य मागे उरले व ते पुष्कळ सुशिक्षित घरांतून आजही ऐकू येते. हिशेब करून पाहावा. तेरा टक्के वाईनचा दीडशे मिलिलिटरचा एक पेला घेतला तर त्यात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क पोटात जातो. व्हिस्कीच्या तीस मिलिलिटरच्या एका लहान मापात सुमारे १० ग्रॅम. म्हणजे वाईनचा पेला हा दीड माप झाला. तांबडी हृदयाला हितकर म्हणून औषधासारखी घेणारे आमच्या परिचयाचे आहेत. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने मद्यपेयांना १९८८ सालीच कर्करोगकारकांच्या पहिल्या वर्गात घातले, आणि मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक नाही असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले. ज्याला घ्यावयाची त्याने चवीसाठी घ्यावी; प्रकृतीचे निमित्त सांगू नये. कायद्याने परवानाही लागतो. मुंबई दारूबंदीचा १९४९चा कायदा महाराष्ट्राच्या नावाने अजून जिवंत आहे. एका दिवसाचाही परवाना मिळतो. तो किती जण घेतात, हे न विचारणेच बरे.

पत्रलेखिका भगिनींना आमचे उत्तर असे. जावई काय करतात असे कोणी विचारले तर ‘द्राक्षाचा रस आंबविण्याचे शास्त्र जाणतात व वाईनच्या कारखान्यात काम करतात’ असे सरळ सांगावे. ‘अन्नप्रक्रियेत आहेत’ अशी मोघम भाषा करू नये. ती केली की ऐकणारा उरलेले स्वतः भरून काढतो. या कामात लाजण्याजोगे आम्हांस काही दिसले नाही. ते कष्टाचे, स्वच्छतेचे व बारकाव्याचे काम आहे आणि आपल्या मुलीचे शिक्षण त्याच जातीचे असल्यामुळे तिला त्याची पारख आपणांपेक्षा अधिक आहे. घरात दारू शिरेल ही आपली भीती आम्ही खोटी मानीत नाही. रोज ज्याच्या हाताशी मद्य आहे त्याचा पाय घसरण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो. तेव्हा मुलास घरी बोलावून विचारावे, आणि आडून नव्हे, तोंडावर विचारावे: कामावर चाखतोस ते तस्तात टाकतोस की गिळतोस? घरी किती घेतोस? कोणाबरोबर? या प्रश्नांना जो शांतपणे उत्तर देईल तो, आमच्या मते, बँकेत नोकरीला असून शनिवारी मित्रांकडे ‘कामानिमित्त’ जाणाऱ्या जावयापेक्षा बरा. जो चिडेल त्याच्याविषयी पुन्हा विचार करावा. आणि पत्रातील एक ओळ आम्हांस खटकली ती अशी की, मुलीचे मत आपण सर्वांत शेवटी लिहिले आहे.

नोकरीची शाश्वती हा प्रश्न भगिनींनी विचारलेला नाही, पण तो विचारावयास हवा होता. या धंद्याने मोठे चढउतार पाहिले आहेत. २००८च्या जागतिक मंदीनंतर आणि मुंबईवरील हल्ल्यानंतर हॉटेलांतील खप एकदम घसरला. पुष्कळ लहान कारखाने बंद पडले आणि करारावर वेली लावलेल्या शेतकऱ्यांनी कित्येक ठिकाणी वाईनच्या बागा उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने घेतले नाही तर दुसरा घेतो, अगदीच नाही तर बेदाणा करता येतो. वाईनचे द्राक्ष कारखान्याने नाकारले तर बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. आम्ही ज्या घरची वाईन चाखली तेही घर आता त्या अर्थाने एका कुटुंबाचे राहिलेले नाही. २०२१ साली सुलाने यॉर्क विकत घेतले, आणि सुलाही डिसेंबर २०२२ मध्ये शेअरबाजारात गेली. पाटीवर तीन भावंडांची अक्षरे तीच आहेत. एका घरची म्हणून जी चव आम्ही शोधीत होतो ती पुढील दहा वर्षांत शेजारच्या मोठ्या घराच्या चवीत मिसळून जाईल की निराळी राहील, याविषयी आमच्या स्नेह्यांचे व आमचे एकमत झाले नाही. ते म्हणतात, माती तीच आहे. आम्ही म्हणतो, तोडणीचा दिवस कोण ठरवितो तेही पाहावे लागेल.

ज्यांना घरी बाटली आणून पाहावयाची असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. फिरकीचे झाकण दिसले म्हणून माल हलका समजू नये. बुचाला कधी कधी बुरशीचा वास लागतो, तो धोका फिरकीत नसतो. आणि आपल्या जेवणाशी मेळ घालताना तांबडीपासून सावध राहावे. तिखटाने जीभ पोळलेली असताना तुरटपणा व मद्यार्क ती आग वाढवितात. मिसळीबरोबर तांबडी म्हणजे दुखण्यावर दुखणे. साबुदाण्याचा वडा, अळूवडी, कोथिंबिरीची वडी यांना ती हिरव्या वासाची पांढरी शोभते. अळूवडीतील चिंच-गूळ आणि तिचा आंबटपणा यांची छान गाठ पडते. गोडासाठी शेनां ब्लांचीच द्राक्षे वेलीवर उशिरापर्यंत ठेवून केलेली एक गोड वाईन येथे असते. श्रीखंडापुढे ती फिकी पडली, पण नुसत्या भाजलेल्या बदामांबरोबर चांगली लागली. उघडलेली पांढरी शीतकपाटात तीन दिवस राहते, तांबडीही जवळजवळ तितकीच. त्यानंतर ती ओतून न देता काचेच्या बरणीत, तोंडाला फडके बांधून ठेवावी. जमले तर महिन्या-दोन महिन्यांत तिचा शिरका होतो, आणि कांद्याच्या कोशिंबिरीत तो थोरल्या माणसांनाही चालतो.